कुत्र्याच्या अंगावरच्या गाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याला कुरवाळताना हाताला काहीतरी टणक किंवा गुळगुळीत लागतं आणि पोटात धस्स होतं. त्यानंतर बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर रात्रभर मोबाईलवर कॅन्सरचे फोटो बघत जागायचं, नाहीतर 'चरबीची असेल' म्हणून वर्षभर सोडून द्यायचं. दोन्हींत कुत्र्याचं नुकसान आहे. नाशिकमध्ये रोज कुत्री तपासताना गंगापूर रोडच्या फ्लॅटमधून, सिडकोच्या रो-हाऊसमधून, मखमलाबाद-दिंडोरीकडच्या मळ्यांवरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत.

गाठ म्हणजे कॅन्सरच का?

नाही. चरबीच्या गाठी, चामखिळी, गळू, चावल्याची सूज, तेलग्रंथी तुंबून झालेल्या गाठी हे सगळं कुत्र्यांत नेहमी दिसतं आणि त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं. अडचण एवढीच, की निरुपद्रवी कोणती आणि घातक कोणती हे बघून किंवा दाबून सांगता येत नाही. तुम्हाला नाही, आणि आम्हालाही नाही. वीस-पंचवीस वर्षं काम केलेला डॉक्टर अंदाज बांधेल, पण त्या अंदाजावर कुत्र्याचा जीव टांगू नये. 'हात लावून सांगा ना डॉक्टर' असा आग्रह रोज होतो. त्याला खरं उत्तर एकच आहे: सुई लावून सांगतो.

मऊ आहे, हलते, दुखत नाही. मग चरबीचीच ना?

असू शकते. लॅब्रॅडॉर, बीगल, किंवा वय झालेलं आणि वजन वाढलेलं कोणतंही कुत्रं घ्या. छातीच्या बाजूला, बरगड्यांवर, काखेत अशी मऊ, कातडीखाली सरकणारी गाठ सापडते. तिला लायपोमा म्हणतात. ती हळूहळू वाढते, वर्षानुवर्षं तशीच राहते आणि कुत्र्याला तिचा पत्ताही नसतो. काखेत वाढून चालताना अडू लागली तरच ती काढावी लागते. क्वचित एखादी चरबीची गाठ स्नायूंच्या आत शिरत जाते. तिच्या कडा हाताला लागत नाहीत आणि ती काढणं अवघड असतं.

पण मास्ट सेल ट्यूमर नावाचा कॅन्सर हुबेहूब अशीच मऊ, हलणारी, न दुखणारी गाठ होऊन कातडीखाली बसू शकतो. कुत्र्यांच्या कातडीच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हाच. म्हणून 'मऊ म्हणजे चांगली, टणक म्हणजे वाईट' हा घरोघरी ऐकू येणारा नियम मनातून काढून टाका. आणि पहिली गाठ चरबीची निघाली म्हणजे दुसरीही चरबीचीच, असंही नसतं. प्रत्येक नव्या गाठीला वेगळी सुई लावायची.

ही सुईची तपासणी म्हणजे नक्की काय करतात?

आपल्याला इंजेक्शन देताना वापरतात तेवढीच बारीक सुई असते. भूल लागत नाही. कुत्र्याला टेबलावर किंवा खाली फरशीवरच उभं करतो, घरच्यांपैकी कोणीतरी डोक्याशी थांबून बोलत राहतं. डॉक्टर एका हाताच्या दोन बोटांत गाठ पक्की धरतात, दुसऱ्या हाताने सुई आत घालून दोन-तीन वेगवेगळ्या दिशांना हलवतात आणि बाहेर काढतात. सुईच्या पोकळीत जे काही आलं असेल ते सिरिंजमधल्या हवेने काचेच्या पट्टीवर उडवायचं, दुसऱ्या पट्टीने हलकेच पसरायचं, वाळवायचं आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. लस टोचताना कुत्रं जेवढं कुरकुरतं, तेवढंच इथे.

लायपोमा असेल तर काचेवर तेलकट थेंब चमकतात आणि ते वाळतच नाहीत. गळू असेल तर पू येतो. मास्ट सेल असतील तर रंग दिल्यावर पेशींच्या पोटात जांभळे दाणे ठासून भरलेले दिसतात. काही गाठींतून पुरेशा पेशी येत नाहीत, नुसतं रक्त येतं. मग पुन्हा सुई लावावी लागते किंवा तुकडा काढून बायोप्सीला पाठवावा लागतो. हा तपासणीचा दोष नव्हे, काही गाठी पेशी सोडतच नाहीत.

या तपासणीचा खर्च ऑपरेशनच्या मानाने अगदी थोडा असतो. आधी सुई आणि मग ऑपरेशन, हा क्रम धरायला म्हणूनच सांगतो. गाठ कसली हे आधी कळलं तर किती कापायचं हे ठरवता येतं.

सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात...

कातडीच्या गाठींच्या बाबतीत या भीतीपोटी तपासणी टाळू नका. मूत्राशयासारख्या पोटातल्या काही ठरावीक गाठींना सुई लावताना डॉक्टर सावध असतात, ते खरं. पण अंगावरच्या गाठीला सुई न लावल्याने जेवढी कुत्री दगावतात, त्यापुढे हा धोका नगण्य आहे.

किती दिवस वाट बघितली तर चालेल?

गाठ एक सेंटिमीटरची, म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढी झाली असेल, किंवा महिनाभर तशीच टिकून असेल, तर तपासून घ्या. दोन्हींपैकी एक पुरे. त्याआधी आठ-पंधरा दिवस लक्ष ठेवायला हरकत नाही, कारण किडा चावल्याची सूज तेवढ्यात बसते.

काही गाठींसाठी मात्र महिनाही थांबायचं नाही. भराभर वाढणारी, रंग बदलणारी, चिघळलेली, रक्त येणारी, कुत्रं सारखं चाटत असलेली, तोंडातली, बोटांतली, सडांजवळची आणि शेपटीखालची. यांतलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. गणपती झाल्यावर, दिवाळी झाल्यावर, मुलांची परीक्षा झाल्यावर असं करत करत गाठ लिंबाएवढी होते, आणि सोप्या ऑपरेशनचं अवघड ऑपरेशन होऊन बसतं. हे टाळता येण्यासारखं असतं, म्हणूनच याचं जास्त वाईट वाटतं.

मास्ट सेल ट्यूमर एवढा फसवा का?

मास्ट पेशी प्रत्येक कुत्र्याच्या, आणि आपल्याही, शरीरात असतात. ॲलर्जी झाल्यावर खाज आणि सूज आणणारं हिस्टामीन त्यांच्या पोटात साठवलेलं असतं. या पेशींचा ट्यूमर झाला की तेच हिस्टामीन मधूनच सुटतं. म्हणून ही गाठ सोमवारी मोठी, गुरुवारी लहान असा खेळ करते. चोळली की लाल होऊन फुगते. मालकाला वाटतं, 'कमी झाली, बरी होतेय.' गाठ कमी-जास्त होत असेल तर ती बरी होत नसून तपासणीला जायची निकड वाढली आहे, असं समजा. आणि तिला सारखं दाबून बघू नका.

जास्त हिस्टामीन रक्तात गेलं तर पोटात आम्ल वाढून अल्सर होतात. उलट्या, भूक मंदावणं, डांबरासारखी काळी शी ही त्याची लक्षणं. गाठ आणि काळी शी एकत्र दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बॉक्सर, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर आणि पग या जातींत हा जास्त दिसतो. नाशिकमध्ये पग आणि लॅब भरपूर आहेत, त्यामुळे हे खास सांगावंसं वाटतं. पगच्या अंगावर एकाच वेळी अनेक गाठी येऊ शकतात. तरी सगळेच मास्ट सेल ट्यूमर जीवघेणे नसतात. खालच्या दर्जाचा, म्हणजे हळू वाढणारा आणि कमी पसरणारा असेल आणि भोवतीची निरोगी कातडी धरून, सहसा दोन ते तीन सेंटिमीटर बाजूने आणि खालचा एक थर घेऊन, नीट काढला तर बरीच कुत्री पूर्ण बरी होतात. एवढी कातडी पायावर किंवा चेहऱ्यावर सापडत नाही. लहान असतानाच पकडा, हे सांगण्यामागचा हिशोब हाच आहे.

दीड वर्षाच्या कुत्र्याच्या कानावर लाल बटणासारखा फोड आलाय. घाबरायचं का?

तरुण कुत्र्यांच्या डोक्यावर, कानावर किंवा पायावर असा गोल, लाल, केस गळालेला उंचवटा येतो त्याला हिस्टिओसायटोमा म्हणतात. तीन वर्षांखालच्या कुत्र्यांत तो नेहमी दिसतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप जातो. पिल्लांच्या ओठांवर आणि तोंडात खरखरीत पांढुरक्या चामखिळी येतात त्या विषाणूमुळे. त्याही काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत गळून पडतात. त्या एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात, माणसाला होत नाहीत. तोपर्यंत त्या पिल्लाचं खाण्याचं भांडं वेगळं ठेवा.

या दोन गाठी आपोआप जातात म्हणूनच बाजारातल्या अनेक औषधांना यश मिळालेलं दिसतं. कोणी होमिओपॅथीतल्या थुजाचे थेंब दिलेले असतात, कोणी मंतरलेलं पाणी, कोणी एरंडेल लावलेलं. गाठ गेली की श्रेय त्याला मिळतं, आणि मग तेच औषध शेजारच्या दहा वर्षांच्या कुत्रीच्या छातीवरच्या गाठीला लावलं जातं. तिथे घात होतो.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगभर चामखिळी आल्या आहेत. सगळ्या काढायच्या?

बहुतेक तेलग्रंथींच्या साध्या वाढी असतात, पूडल, कॉकर अशा लहान जातींत तर खूपच. खाजवून रक्त येत असेल किंवा केस कापताना मशीन लागत असेल तेवढ्या काढायच्या. बाकीच्या राहू द्या. एखादी वेगळी दिसू लागली, काळी पडली किंवा वाढली तर मात्र तिला सुई.

कुत्रीच्या सडांजवळ दाण्याएवढी गाठ लागतेय.

ही एक गाठ अशी आहे, जिच्याकडे बघून 'लहान आहे, बघू' म्हणू नये. नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या माद्यांत दुधाच्या ग्रंथींच्या गाठी फार सापडतात आणि ढोबळमानाने त्यातल्या निम्म्या कॅन्सरच्या निघतात. तीन सेंटिमीटरच्या वर गेलेल्या गाठीचं भवितव्य लहान गाठीपेक्षा वाईट असतं. दाण्याएवढी असताना आलात तर काम थोडक्यात निभावतं.

कुत्रीला बहुधा सडांच्या पाच जोड्या असतात, काखेजवळून जांघेपर्यंत. एक गाठ सापडली की दोन्ही रांगा शेवटपर्यंत चाचपून बघा, दुसरी सापडण्याची शक्यता असते. माजानंतर दीड-दोन महिन्यांनी खोट्या गाभणपणात सड सुजतात आणि दूधही येतं, ती वेगळी गोष्ट. ती सूज सगळीकडे सारखी असते आणि ओसरते. सड लाल, गरम, दुखरे होऊन कुत्रीला ताप असेल तर ती दगडी, म्हणजे जंतूंमुळे दुधाच्या ग्रंथींना आलेली सूज, असू शकते. तेव्हा लगेच उपचार हवेत.

नसबंदीचा संबंध अनेकजण विचारतात. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिल्या माजाआधी नसबंदी केलेल्या माद्यांत या कॅन्सरचा धोका नसबंदी न केलेल्यांच्या ०.५ टक्के एवढाच उरतो, पहिल्या माजानंतर केली तर ८ टक्के, दुसऱ्या माजानंतर २६ टक्के. हे आकडे आजही सगळीकडे सांगितले जातात. नंतरच्या संशोधकांनी त्या पुराव्याच्या भक्कमपणावर शंका घेतल्या आहेत, आणि मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केली तर सांध्यांचे त्रास वाढतात असंही दिसलं आहे. त्यामुळे वेळ कोणती, हे जात आणि वजन बघून डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण पिल्लं नको असतील तर नसबंदी टाळण्यात काही शहाणपण नाही. 'एकदा तरी बाळंतपण व्हावं' या समजुतीने कॅन्सर टळतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

आमच्या गल्लीतल्या कुत्रीला मागून रक्त येतंय आणि मांसाचा गोळा दिसतोय. काही करता येईल?

येईल, आणि नक्की करा, कारण बऱ्या होणाऱ्या कॅन्सरमधला हा सगळ्यात आशादायक आहे. याला टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर) म्हणतात, म्हणजे मुख्यतः समागमातून पसरणारी गाठ. नर-मादीच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखा, ठिसूळ, हात लावताच रक्त येणारा गोळा. थेंब थेंब रक्त पडत राहतं आणि लोक 'माज चाललाय' म्हणून दुर्लक्ष करतात. माज दोन-तीन आठवड्यांत संपतो. रक्त महिनाभर थांबत नसेल तर तो माज नाही. नरालाही रक्त येत असेल तर प्रश्नच नको. हुंगण्या-चाटण्यातून हीच गाठ नाकात किंवा तोंडातही येते. सतत एकाच नाकपुडीतून रक्त येणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यात याचा विचार करावा लागतो.

हा आजार विषाणूने किंवा जंतूने होत नाही. कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. १८७६ साली रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. आणि जनुकांच्या तपासणीतून आता कळलं आहे, की जगभरातल्या कुत्र्यांमधल्या या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून आलेल्या आहेत. तो कुत्रा केव्हाच गेला, त्याच्या पेशी पंचवटीतल्या गल्लीपर्यंत पोचल्या.

उपचार म्हणजे व्हिंक्रिस्टीन नावाचं इंजेक्शन, शिरेतून, आठवड्याला एक. बहुतेक कुत्र्यांना चार ते सहा आठवडे लागतात, काहींना थोडे जास्त, आणि दहापैकी नऊपेक्षा जास्त पूर्ण बरी होतात. दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनपासूनच गोळा आक्रसताना दिसतो. शस्त्रक्रियेने नुसता कापून टाकला तर पुन्हा येण्याची शक्यता राहते, त्यामुळे इंजेक्शनच बरं.

खरी कसोटी दर आठवड्याला कुत्रं पकडून आणण्याची. जिथे हे जमतं तिथे एकटा माणूस नसतो. एक आजी रोज पोळी घालतात म्हणून कुत्री त्यांच्याजवळ येते, कॉलेजचा मुलगा हळूच पट्टा अडकवतो, ओळखीचे रिक्षावाले दादा गाडी लावतात. वार ठरवून घ्या आणि त्या दिवशी सकाळी तिला गल्लीतून लांब जाऊ देऊ नका. मध्येच आठवडे चुकले की गाठ औषधाला दाद देईनाशी होऊ शकते. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून ते घरी किंवा ओट्यावर बसून कोणाकडूनही टोचून घेऊ नका. प्रत्येक वेळी आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघायच्या असतात. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस तिची लघवी-शी उघड्या हाताने साफ करू नका, गरोदर बाईने तर लांबच राहावं.

बरी झाल्यावर नसबंदी करून घ्या, म्हणजे पुन्हा लागण होण्याचा मुख्य रस्ता बंद होतो. महापालिकेच्या नसबंदी मोहिमेत गल्लीतलं कुत्रं सहसा जिथून नेलं तिथेच परत सोडायचं असतं, २०२३ च्या केंद्रीय नियमांत तसं स्पष्ट आहे. तेव्हा 'घेऊन गेले तर परत येणार नाही' या भीतीने कुत्री लपवू नका.

पायाच्या बोटांमध्ये फोड येतो, फुटतो, बरा होतो, पुन्हा येतो.

पावसाळा संपला की अशा वेळी आम्ही आधी विचारतो, कुत्र्याला फिरायला कुठे नेता? पांडवलेणीच्या पायथ्याशी, गंगापूर धरणाच्या काठाने, मळ्याच्या बांधावरून? ऑक्टोबरपासून गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाचं टोक एका दिशेनेच पुढे सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ आत आत जातं, भोवती पू होतो, फोड फुटतो, अँटिबायोटिकने तात्पुरतं बरं वाटतं, आणि कुसळ आतच असल्यामुळे महिन्याने तेच. कुसळ काढल्याशिवाय हे थांबत नाही. त्या दिवसांत फिरून आल्यावर चारही पंजांची बोटं फाकवून बघा, कानांतही डोकवा.

मात्र नखाच्या मुळाशी सूज असेल, नख वाकडं झालं किंवा गळून पडलं आणि कुत्रं वयस्कर असेल, तर कुसळावर ढकलू नका. नखाच्या मुळाशी कॅन्सर होतात, काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांत विशेष. तिथे एक्स-रे आणि बायोप्सी लागते.

कोपरावर पाण्याने भरलेली गाठ आली आहे.

हायग्रोमा. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, रॉटवायलर अशी वजनदार कुत्री शहाबादी फरशीवर धपकन बसतात, कोपराच्या हाडाला मार बसत राहतो आणि तिथे पाणी साठतं. सुईने पाणी काढून घेऊ नका, परत भरतं आणि जंतू गेले तर मोठं दुखणं होतं. जाड गादी द्या, जुनी गोधडी चार पदरी घालून दिली तरी चालेल. बहुतेक गाठी हळूहळू ओसरतात. कुत्रं गादी सोडून फरशीवरच जात असेल तर उन्हाळ्यात गादी पंख्याखाली सरकवा.

कानाची पाळी एकदम फुगली.

कान सारखा झाडल्याने आतली रक्तवाहिनी फुटून पाळीत रक्त साठतं. मूळ कारण बहुधा कानातला संसर्ग किंवा गोचीड. दोन्हींवर उपचार हवेत, नुसतं रक्त काढून भागत नाही.

गळ्याखाली दोन्ही बाजूंना सारख्या गाठी लागतात.

जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यामागे अशा जोडीजोडीने गाठी लागल्या तर त्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड), म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या ग्रंथी आहेत. आपल्याकडे गोचिडीमुळे होणाऱ्या तापात त्या वाढतात. पण अंगभरच्या ग्रंथी एकदम, न दुखता वाढल्या असतील तर लिम्फोमा हा रक्तपेशींचा कॅन्सर असू शकतो. इथे एक कळकळीची विनंती: निदानाआधी स्टेरॉईड देऊ नका. 'सूज उतरायची गोळी' म्हणून मेडिकलमधून आणलेली प्रेडनिसोलोन चार दिवस दिली की ग्रंथी लहान होतात, सुईत काही सापडत नाही, आणि पुढच्या केमोथेरपीलाही आजार कमी दाद देतो.

शेपटीखाली, गुदद्वाराशेजारी गाठ आहे.

नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या नरांत इथल्या बहुतेक गाठी साध्या असतात आणि पुरुष-हार्मोनवर वाढतात, त्यामुळे नसबंदी केली की आकसतात. मादीत किंवा नसबंदी झालेल्या नरात तशीच गाठ आली तर जास्त काळजी घ्यायची. त्यात कुत्रं अचानक खूप पाणी प्यायला लागलं असेल तर रक्तातलं कॅल्शियम तपासायला हवं, कारण गुदग्रंथीच्या कॅन्सरमध्ये ते वाढतं.

लस दिलेल्या जागी गाठ राहिली.

दोन-तीन आठवड्यांत बसते. महिन्यानंतरही असेल किंवा वाढत असेल तर दाखवा.

गाठ वाटते, पण गाठ नसते असंही होतं का?

रोज होतं. नरालाही सड असतात, पोटावरचे ते दाणे चामखिळी समजून कोणी नखाने ओढतं, तर कोणी गोचीड समजून चिमट्याने. शेवटच्या बरगडीचं टोक, छातीच्या हाडाचं खालचं टोक हीदेखील हाताला लागतात. उजव्या बाजूला लागलं तर डाव्या बाजूला तिथेच चाचपून बघा. तरुण नर उत्तेजित झाल्यावर लिंगाच्या मुळाशी दोन बाजूंना फुगवटा येतो, तो नैसर्गिक आहे आणि थोड्या वेळाने जातो. फुगलेली गोचीडही मसासारखी दिसते. जवळून बघितलं तर पाय हलताना दिसतात. पिल्लाच्या बेंबीपाशी मऊ, दाबल्यावर आत जाणारी गाठ म्हणजे हर्निया, लसीच्या वेळी दाखवून ठेवा.

हळद-चुना, बिब्बा, दोरा बांधणं... काही उपयोग?

नाही, आणि अपायच जास्त. बिब्ब्याने कातडी भाजते. चुन्याने भाजते, आणि कुत्रं चाटतं तेव्हा जीभही भाजते. चामखिळीला दोरा किंवा घोड्याचा केस बांधला की ती काळी पडून गळते, पण मूळ आत राहतं, जखम पिकते आणि पावसाळ्यात त्यात अळ्या पडतात. शिवाय ती कॅन्सरची होती की नाही हे कधीच कळत नाही. गळू घरी पिळू नका, ते आतल्या आत फुटलं तर दुखणं वाढतं. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या कुत्र्याला दुखतंय म्हणून कधीही देऊ नका.

एकाएकी तोंड सुजलं किंवा पाय सुजला तर?

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली तर नाक-ओठ फुगतात, अंगावर गांध्या उठतात. श्वास जड झाला, उलट्या झाल्या, कुत्रं लुळं पडलं तर एक मिनिट थांबू नका. मळ्यावर, बागेत किंवा नदीकाठी गेलेल्या कुत्र्याचा चेहरा वा पाय भराभर सुजत असेल, खूप दुखत असेल, जखमेतून रक्त थांबत नसेल तर घोणस चावली असं धरून चाला. चीर देणं, आवळपट्टी बांधणं असं काही न करता कुत्र्याला उचलून गाडीत घाला, आणि दवाखान्यात सर्पविषावरचं औषध आहे का हे निघतानाच फोनवर विचारून घ्या.

बारा वर्षांचा आहे. भूल झेपेल का?

वय हा आजार नव्हे. रक्ताची तपासणी, मूत्रपिंड आणि यकृताचे आकडे, छातीचा एक्स-रे, गरज पडली तर हृदयाची तपासणी हे नीट असेल तर बारा वर्षांचं कुत्रंही भूल चांगली सोसतं. आणि सात वर्षांच्या, पण मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्याला धोका जास्त असतो. आठव्या वर्षी न काढलेली गाठ बाराव्या वर्षी फुटते आणि मग नाइलाजाने काढावी लागते, हे आम्ही फार वेळा बघतो.

काढलेली गाठ लॅबला पाठवायलाच हवी का?

हो. 'काढली ना, आता कशाला खर्च' असं वाटणं साहजिक आहे, पण ही काटकसर महागात पडते. गाठ कोणत्या दर्जाची होती आणि तिच्या कडांपर्यंत कॅन्सरच्या पेशी होत्या की कडा साफ होत्या, हे फक्त त्या रिपोर्टमध्ये कळतं. कडा साफ नसतील तर लगेच पुन्हा थोडं काढता येतं. वर्षभराने त्याच जागी उगवल्यावर ते तेवढं सोपं राहत नाही. गाठ फॉर्मेलिनमध्ये घालून पाठवतात, आणि शक्य तर पूर्ण पाठवायची, सोयीचा तुकडा नव्हे.

कॅन्सरच निघाला तर पुढे काय?

छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून पसरला आहे का ते बघतात. त्यावरून शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किंवा दोन्ही ठरतं. कुत्र्यांची केमोथेरपी माणसांइतकी तीव्र नसते. तिथे उद्देश आराम टिकवून आयुष्य वाढवण्याचा असतो, बहुतेक कुत्र्यांचे केस जात नाहीत आणि ती खात-पीत असतात. गुंतागुंतीच्या केससाठी मुंबईला, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेण्याचा पर्याय आहे. जाताना काचेच्या पट्ट्या, एक्स-रे आणि सगळे रिपोर्ट बरोबर न्या, म्हणजे तिथे पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आणि काही घरं उपचार न करण्याचं ठरवतात. कुत्रं खूप थकलेलं असतं किंवा पैशांचं जमत नाही. त्यांना अपराधी वाटायला लावणं चूक आहे. वेदनेवरची औषधं, जखमेची निगा, भूक टिकवणं हेही उपचारच आहेत, ते मागून घ्या.

घरी कसं तपासायचं?

महिन्यातून एकदा, आंघोळ घालताना किंवा ब्रश करताना. ओठ वर करून हिरड्या, मग जबड्याखाली, कान, मान, काखा, बरगड्या, सडांच्या दोन्ही रांगा, जांघा, गुडघ्यामागे, पंजे, शेवटी शेपूट उचलून. केसाळ पोमेरेनियन किंवा शित्झूत डोळ्यांवर विसंबू नका, बोटं कातडीपर्यंत जाऊ द्या. पांढऱ्या, आखूड केसांचं कुत्रं गच्चीवर उताणं उन्हात झोपत असेल तर पोटाची उघडी कातडी नीट बघा, उन्हाने तिथेही कॅन्सर होतो.

गाठ सापडली की शेजारी शाळेची पट्टी धरून फोटो काढा. लसीच्या वहीत मागच्या पानावर कुत्र्याचं साधं चित्र काढून जागेवर खूण करा आणि तारीख, माप लिहा. 'थोडी वाढल्यासारखी वाटते' यापेक्षा 'दिवाळीत ०.८ सेंटिमीटर होती, संक्रांतीला १.५' हे आम्हाला कितीतरी जास्त सांगतं.

दवाखान्यात येताना काय आणायचं?

ती वही, फोटो, आधीचे रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या औषधांची पाकिटं. गाठीच्या वरचे थोडे केस कापून किंवा मार्करने खूण करून आणलंत तर फार बरं. घरी सापडलेली वाटाण्याएवढी गाठ दवाखान्याच्या गडबडीत सापडत नाही, असं पुष्कळदा होतं. आदल्या दिवशी गाठीवर तेल किंवा मलम लावू नका. नुसत्या सुईच्या तपासणीसाठी उपाशी ठेवायची गरज नाही, उलट त्याला आवडणारं काहीतरी खिशात घेऊन या आणि सुई लावताना हळूहळू भरवत राहा.